आसन-पुनरुज्जीवन

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी वेताच्या खुर्च्या विणणारा एक कारागीर आणि त्याची थोरली बहीण बसले होते.

“ताई, वेबसाइट काढून वर्ष झालं, एक फोन नाही. आणि शोधलं तर मीच पहिला येतो.”

“काय टाकून शोधतोस?”

“माझं नाव.”

“तुझं नाव आईशिवाय कोण शोधणार आहे? साइटवर काय लिहिलंयस?”

“‘आसन-पुनरुज्जीवन’.”

“अरे, मग ‘खुर्ची दुरुस्ती’ कुठे आहे?”

“ते जरा हलकं वाटतं गं.”

“तुझ्या भाऊजींनी परवा तेच टाकलं. तासाभरात माणूस हजर.”

“कुठली खुर्ची मोडली?”

“तू लग्नात दिलेली.”

“मग मला नाही का बोलवायचं?”

“तुझी साइट बघितली ना त्यांनी. म्हणाले, तो हल्ली योगासनं शिकवतो.”