दुपारची पुडी

— नाही म्हणजे नाही, आणि काउंटरवर हात आपटू नकोस, काच आधीच तडकलेली आहे. म्हणे पुडीचा जोर वाढवा! अगं, हे काय तुमच्या कारखान्यातलं शिलाई मशीन आहे, पाय जोरात मारला की भरभर पळायला? सोमवारी झोपेच्या सात पुड्या बांधून दिल्या मी तुला — जटामांसी, जायफळ, चिमूटभर अश्वगंधा — रोज एक, निजताना, कोमट दुधातून. आज गुरुवार, आणि सातही कागद तू माझ्यापुढे टाकलेस. रिकामे कागद पाहिल्याशिवाय मी पुढची पुडी बांधत नाही, चाळीस वर्षांचा नियम आहे माझा. लोक हसतात, म्हातारी रद्दी गोळा करते म्हणतात — हसेनात का! माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही. झोप येईना म्हणून जास्त घेतल्या म्हणतेस? तू? तुझे डोळे बघ त्या आरशात, उंदरानं कुरतडल्यासारखे झालेत. तीन दिवसांत सात पुड्या पोटात गेलेली बाई अशी कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहील होय? भिंतीला धरून चालेल ती. आणि हे काय चिकटलंय कागदाला — हे, हे पांढरं? मऊ भात आहे हा. दूध सांगितलं होतं मी. भातात औषध कोण कालवतं, ठाऊक आहे? ज्याला ते दुसऱ्याच्या नकळत त्याच्या पोटात घालायचं असतं, तो.

रडू नकोस. रडण्यानं मला काही होत नाही, मी दगड आहे, विचार कोणालाही. कोण — सासू? आई? सख्खी आई. बरं. विसरायला लागली — हं — गॅस चालू ठेवते, जिना उतरून रस्त्यावर जाते, तुझी शिफ्ट सकाळी आठ ते सहा, भाऊ लांब, तो फोनवर सल्ले देतो. फोनवर सल्ले द्यायला काय, जीभ तर आहे. म्हणून तू सकाळी एक पुडी भातात कालवतेस, एक दुपारच्या डब्यात घालून ठेवतेस आणि बाहेरून कुलूप लावून जातेस. मग ती दिवसभर निजते. आणि दिवसभर निजलेलं माणूस रात्री काय करणार, सांग? तुला उठवणार. कपाटातले कपडे काढणार, घरी जायचंय म्हणणार, पहाटेपर्यंत दाराशी उभी राहणार. आणि आता तुला रात्रीसाठीही पुडी हवी, जास्त जोराची. म्हणजे दिवसाही निजवायचं आणि रात्रीही निजवायचं — मग जागं कधी करणार आहेस तिला? सांग ना!

काय म्हणालीस? नैसर्गिक आहे, त्यानं काही होत नाही? वा! हे त्या समोरच्या औषधवाल्यानं शिकवलेलं दिसतंय, काचेच्या दारावर चंद्राचं चित्र लावलंय त्यानं, खाली हिरव्या अक्षरात ‘पूर्णपणे नैसर्गिक’. बाई गं, विंचू काय कारखान्यात बनतो? शाळेची पायरी चढले नाही मी, पण अक्षरं स्वतःची स्वतः शिकले ती या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला, आणि वाचता वाचता एवढं कळलं — जे गुण देतं ते अवगुणही देतं.

माझं एक गिऱ्हाईक होतं. ऐक, मग जा. त्या बाईचा नवरा बस चालवायचा, एकतीस वर्षं, साधा ओरखडा नाही गाडीला. निवृत्त झाला आणि वर्षा-दोन वर्षांत डोक्यातले सगळे थांबे पुसले गेले. दुपार झाली की खाकी सदरा चढवायचा नि निघायचा — माझी गाडी कुठं लावलीत म्हणून रस्त्यात दिसेल त्याला विचारायचा. दोनदा पोलिसांनी आणून सोडला. बाईला दुकान होतं — म्हणजे, काम होतं काहीतरी तिला — घरी बसणं परवडणारं नव्हतं. मग तिनं जेवणात एक पुडी घालायला सुरुवात केली. छान निजायचा. मग एकीनं भागेना, दोन. दुपारी भरवायची, पांघरूण घालायची आणि निर्धास्त निघायची. खरं सांगू, सुख वाटायचं तिला त्या दोन-चार तासांचं — कोणी हाक मारत नाही, कोणी सदरा शोधत नाही. एक दिवस इथं एक व्यापारी येऊन बसला होता, माल पाहायचा होता, मला घाई होती, म्हणून मी घास भराभर दिले, ह्यांचे डोळे मिटायला लागले होते तरी देत राहिले, तोंड पुसलं नि—

हो. ह्यांचे. मीच ती, आता कळलं ना, मग तोंड मीट ते.

दिवेलागणीला घरी गेले तर शेवटचा घास तोंडातच होता. गिळायचंही भान उरलं नव्हतं गं त्यांना. मी तो बोटानं काढला, कोणी यायच्या आत. शेजारणी म्हणाल्या, झोपेत गेले, केवढं भाग्य! मी मान हलवली. डॉक्टरनं वय विचारलं, कागदावर सही केली. आजवर हे कोणाला — जाऊ दे. तुला का सांगतेय कोण जाणे. तू कोण माझी?

तर मग मी काय करू, म्हणतेस. नोकरी सोडली तर खाऊ काय, न सोडली तर आईला कोण बघेल, चार दिवस पाठ टेकलेली नाही. ठाऊक आहे. या भिंतीवर एकशे बारा बरण्या आहेत, एकीतही यावरचं औषध नाही. तो भाऊ येणार नाही, तू कितीही फोन कर. शेजारीण दोन दिवस बसेल, तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखेल. आणि समोरच्याकडून घेते म्हणतेस तर घे, तो बाटल्या कितीही देईल, कागद मागणार नाही. माझ्याकडून नाही. हे सात कागद इथंच राहू देत. तू कितीही पुड्या ने, पोरी, आई आहे तोवर तुला झोप नाही, आणि ती गेल्यावर तर नाहीच नाही.