चार नंबरचं झाड

...न् मिठी कोणाले, तर झाडाले! मले नाही जी, झाडाले! तुम्हाले सांगते, दोन वर्सं झाले, मी त्या पोराच्या मागं-मागं फिरून राहिली, पाण्याची बाटली माह्या हातात, टोपी माह्या हातात, चप्पल निघाली तर तेही माह्याच हातात, न् हा कमलेश, नऊ वर्साचा, माह्याकडे ढुंकून पाहत नाही, सरळ जाते न् येनाच्या, तुमच्या ऐनाच्या, झाडाले कवटाळते. गाल लावते सालीले! आता येनाची साल पाह्यली का तुम्ही? भेगाच भेगा, उन्हाळ्यात तलावाची माती फाटते तशी. पण नाही, त्याले तेच पाह्यजे. झाडाचं नशीब पाहा न् माहं पाहा!

तुम्ही म्हणाल, मेघा मॅडम, झाडाचा हेवा करता? करते. काहून नाही करू? विशेष मुलांच्या शाळेत शिकवते मी, साकोलीकडे. आमच्या पोरायले ऑटिझम आहे, म्हणजे वर्गातला पंखा, घंटी, ट्यूबलाइट, सगळं एकदमच अंगावर येते त्याईच्या, म्हणून दर गुरुवारी त्याईले एकोडीजवळच्या जंगलात नेतो. लोकं विचारते, हप्त्या-हप्त्याले सहल कायले काढता? सहल नाही बाप्पा, शाळाच आहे ते! सात झाडं ठरवले, सात पाट्या टांगल्या. एक नंबर मोह, दोन तेंदू, तीन पळस, चार येन, असं करत सात. पुढं काय होणार ते ठाऊक असलं की पोरायचा जीव शांत राहते. म्हणून नियम शिकवला, मीच शिकवला, याच तोंडानं: पाटी म्हणजे झाड. पाटीपाशी थांबायचं, हात लावायचा, दहा मोजायचे, पुढं जायचं. हात लावायचा म्हटलं होतं मी. मिठी कमलेशनं आपल्या मनानं जोडली, न् तेही फक्त चार नंबरले.

ट्रेनिंगमध्ये आम्हाले लिहून दिलं आहे, मुलाच्या मर्जीशिवाय त्याला जवळ घेऊ नका. घेत नाही जी मी! बरोबरच आहे ते. पण मन थोडीच ट्रेनिंगले गेलं होतं? अन् माहं सोडा, त्याची माय, शकुनबाई, पोराले सोडाले येते तर दोन हात लांब चालते त्याच्यापासून. एकदा मले म्हणे, "मॅडम, अंगावर पीत होता तेवढाच माह्याजवळ होता." भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं न् एसटी पकडून धानाच्या रोवणीले गेली. मी दिवसभर खडू हातात धरून बसली होती. झाडाचं नशीब पाहा...

तर मंग एका बुधवारी वारं सुटलं न् चार नंबरच पडलं. अन् आमचे चिंधूकाका, जंगलातले मजूर, एवढे टापटीप माणूस, की गुरुवारी आम्ही पोहोचतो तर खोड उचललेलं, फांद्या उचललेल्या, जागा अंगणासारखी साफ, न् पाटी तेवढी पुसून माह्या हातात. "तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा," म्हणे. आता माह्या एका हातात वर्गातली रुचिका, दुसऱ्या हातात पिंटू, पाटी ठेवू कुठं? दोरी होतीच, टाकली गळ्यात. एवढंच केलं मी.

इकडून कमलेश आला. तीन नंबर झाला, दहा मोजून झाले, अन् चार नंबर... नाहीच! कानावर हात गेले, घशातून तो आवाज सुरू झाला, न् पंधरा पावलांवर भरलेला तलाव. धावू तर तो पळन, बोलू तर अजून घाबरन. मी उभीच राहिली. त्याची नजर फिरत-फिरत आली न् पाटीवर थांबली. पाटीवर, माह्या तोंडावर नाही, गैरसमज करू नका. आला, दोन्ही हात कमरेभोवती टाकले, गाल लावला न् सुरू... एक... दोन... श्वास नाही घेतला मी. सहावर एक मुंगळा पायावर चढला, आठवर चावला. हालली नाही. झाड हालते का? दहा झाले, हात काढले, गेला पाच नंबरकडे. माहे डोळे वाहून राहिले, तर चिंधूकाका विचारते काय झालं. मुंगळा चावला म्हटलं.

तीन गुरुवार मी झाड होती. चिंधूकाका म्हणे, बांबू रोवून देतो, त्याले टांगा पाटी. त्याईच्याकडे मी असं पाह्यलं, की पुन्हा नाव नाही काढलं बांबूचं. पण एसटी स्टँडवर शकुनबाईजवळ पाटीचं न् मिठीचं सगळं बोलून बसले न् ते! चौथ्या गुरुवारी सकाळीच बाई हजर. खाली पाहून म्हणे, "मॅडम, ते पाटी एक दिवस घरी नेऊ का?"

सांगू का खरं? मनात दहा बहाणे आले. शाळेची वस्तू आहे, पोरगा गोंधळन, मुख्याध्यापकाले विचारा लागन. सगळे आले. न् मी गळ्यातून काढली, दिली.

कमलेशले सांगितलं, चार नंबर आता घरी आहे. त्याले पटलं, तीनवरून सरळ पाचवर गेला, मले वळसा घालून. दुसऱ्या दिवशी शकुनबाईचा फोन. हळूच म्हणे, "मॅडम, त्याले दहाच्या पुढचे आकडे शिकवान का?"

शिकवून राहिली जी. बसा आता मोजत! अकरा, बारा, तेरा... पंचवीसपर्यंत आणला, शंभरपर्यंत नेते. एक दिवसाची पाटी काही परत आली नाही, अन् मी आपली परत मॅडम झाली.