मामांची जागा

मामी: बूट काढू नकोस. फार वेळ बसणार नाहीयेस तू.

भाचा: मामी, ऐकून तर घे. संध्याकाळची उपासना तासाभरावर आली. अख्खा गायनवृंद चर्चमध्ये येऊन उभा आहे, आणि त्यांना शिकवणारी बाई इथे घरी भांडी घासतेय.

मामी: मग कोण घासणार, तुझी कमिटी?

भाचा: तुझ्याशिवाय एक ओळ गायला तयार नाहीत ते.

मामी: गुणाची लेकरं आहेत माझी.

भाचा: मामा, तुम्ही तरी सांगा हिला.

मामा: हो.

मामी: त्यांना मध्ये घेऊ नकोस. अर्धांगाच्या झटक्यानंतर एवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. चहा हवा, हो. चहा नको, तरी हो. उद्या तुझ्या ठरावावर सही करता का विचारशील, त्यालाही हो म्हणतील.

भाचा: सकाळी झालं त्याचं मलाही वाईट वाटलं गं.

मामी: काय झालं सकाळी? सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे.

भाचा: तुला माहितीये.

मामी: मला ऑर्गनपाशी बसून जेवढं दिसलं तेवढंच माहितीये.

भाचा: बरं. पाळकसाहेब नव्या वर्षाचा संदेश देत होते. सगळे शांत. आणि मामांनी मध्येच गायला सुरुवात केली. केवढ्यानं! आपण पहिल्यांदाच उपासना फोनवर थेट दाखवत होतो. कुठकुठली माणसं बघत होती. आत लोक हसले, तिकडे फोनवर लिहायला लागले, हे कोण ओरडतंय म्हणून.

मामी: आणि मग चिटणीससाहेब उठले.

भाचा: कुणीतरी उठायलाच हवं होतं.

मामी: सख्ख्या मामाला दंडाला धरून बाजूच्या खोलीत नेलंस. दार ओढून घेतलंस.

भाचा: नीट नेलं मी. खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी ठेवलं.

मामी: पाणी ठेवलंस! फार उपकार झाले. त्या दाराचा खटका आतून उघडायला किती हात लागतात रे?

भाचा: खटका जरा जाम आहे. एकानं दाबून धरायचा, दुसऱ्यानं दार ओढायचं.

मामी: आणि यांचे किती चालतात?

भाचा: एकच.

मामी: शेवटचं गीत वाजवून मी धावत गेले, तर डाव्या हातानं दार चाचपत उभे होते. शर्ट घामानं भिजलेला. त्यांना हाक मारता येत नाही रे! ‘उघडा’ एवढंसुद्धा म्हणता येत नाही!

भाचा: माझ्या डोक्यातच आलं नाही ते. खरंच नाही आलं. उद्याच्या उद्या खटका काढून टाकतो. कमिटीनं तोडगाही काढलाय. त्याच खोलीत चांगली खुर्ची, भिंतीवर पडदा, आवाजाची सोय. मामा तिथे बसून सगळं बघतील.

मामी: म्हणजे भिंतीपलीकडे उपासना चाललीय, आणि हे भिंतीच्या अलीकडे बसून ती पडद्यावर बघणार. छान. हे सुचायला किती डोकी लागली?

भाचा: टिंगल नको. या वर्षापासून उपासना शिस्तीत व्हायची, असा ठराव आहे. पाळकसाहेबही तेच म्हणाले ना, आधी काय आणि नंतर काय ते ठरवा?

मामी: ऐकलंय मी. ‘नव्या वर्षात पहिली जागा कुणाची ते आजच ठरवा,’ असं म्हणाले. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पहिली जागा प्रभूची. आणि त्याच्यासमोर माझ्या शेजारी हा माणूस. तुझ्या कॅमेऱ्याला मी जागाच ठेवलेली नाही. त्यानं उभ्यानं बघावं.

भाचा: हा हट्ट झाला.

मामी: झालाच. वर्षातला पहिला. अजून बारा महिने पडलेत.

भाचा: कॅमेरा काय हौस म्हणून लावलाय का? अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत आपल्या मंडळीत. शिंपीणकाकूंनी दुपारी फोन केला, किती दिवसांनी चर्च आतून बघितलं म्हणून रडत होत्या. त्यांचा विचार कोणी करायचा?

मामी: कर ना. जरूर कर. आणि त्यांना विचार, शिंपीणकाकू, पुढच्या रांगेत एक पांगळा म्हातारा बेसूर गाताना दिसला तर चालेल का? तुला सांगते, डोळे पुसून हसतील त्या. आपल्यासारखं कुणीतरी आत आहे म्हणतील.

भाचा: बाकीचे लोक हसतात त्याचं काय?

मामी: हसू देत.

भाचा: मला नाही चालत! अगं, मामांचा हा आवाज लागला की सगळी मंडळी ताठ उभी राहायची. त्या आवाजाला पोरं खिदळताना मला नाही बघवत. मेल्यासारखं झालं मला सकाळी. म्हणून उठलो मी. कमिटी गेली उडत.

मामी: आत्ता खरं बोललास. तुला लाज वाटली.

भाचा: वाटली. तुला नाही वाटत?

मामी: नाही. कणभर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलायचा रस्ता बंद झालाय, गाण्याचा चालू आहे. माझं नाव गेलं त्यांच्या तोंडातून, तुझं गेलं, स्वतःचंसुद्धा गेलं. एवढं सगळं जाऊन मागे राहिलं काय, तर स्तुती. ती एक गोष्ट उरलीय त्यांच्याकडे, आणि ती तुम्ही खोलीत कोंडता? कोंडून दाखवाच आता!

मामा: (खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून, खणखणीत) नव्या सकाळी नवी दया, तुझीच रे, तुझीच...

भाचा: ...तुझीच. मामा, तिथे श्वास घ्यायचा. तुम्हीच ओरडायचा माझ्यावर.

मामा: हो हो!

मामी: बघ, पट्टी अगदी बरोबर.

भाचा: अर्धा सूर खाली आहे.

मामी: तो तुझा.

भाचा: मामांनीच माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवून शिकवलं होतं मला हे. ‘आवाज गळ्यातून काढू नकोस गाढवा, इथून काढ.’

मामी: हेच गात होते सकाळी. तू ऐकलंच नसशील, तू फोनकडे बघत होतास. पाळकसाहेब म्हणाले, ‘त्याची दया रोज नवी असते,’ आणि यांनी पुढचं उचललं. मध्येच ओरडले नाहीत ते. उत्तर दिलं त्यांनी. एवढ्या भरल्या चर्चमध्ये संदेश मन लावून ऐकत होता तो हा एकटा माणूस.

भाचा: ...हे मला माहीत नव्हतं.

मामी: कसं असेल? विचारलं कुणी?

भाचा: पण कमिटी ऐकणार नाही, मामी. पाळकसाहेब कुणालाच दुखवणार नाहीत. आणि मी चिटणीस. झालेला ठराव मी एकटा कसा मोडू?

मामी: मोडू नकोस. तुमच्या ठरावाप्रमाणे गायनवृंदात यांना खुर्ची नाही ना? नसू दे. मी यांना घेऊन शेवटच्या बाकावर बसते. माझी लेकरं माझ्यामागे येतील. आम्ही तिथूनच गाऊ, ऑर्गनशिवाय.

भाचा: आणि पुढे कोण?

मामी: पुढे पाळकसाहेब आहेत, क्रूस आहे. दाखव की काय दाखवायचं ते.

भाचा: मामांनी संदेशात परत सुरुवात केली तर?

मामी: तर दुसरी ओळ मी घेईन.

भाचा: आणि त्यांना बाहेर न्यायला कुणी आलं तर?

मामी: तू येणार आहेस?

भाचा: नाही.

मामी: मग दुसरं कोण येतंय ते बघतेच मी.

भाचा: मामांचा कोट कुठंय?

मामी: दारामागे. आधी उजवी बाही घाल. अधू हात आधी, म्हणजे ओढ बसत नाही.

भाचा: द्या मामा हात. हं, अस्सा. दुखलं का?

मामा: हो.

मामी: नाही दुखलं. हसतायत ते.

भाचा: मामी, शेवटच्या बाकावर कोण कोण बसतं गं?

मामी: उशिरा येणारे. का?

भाचा: मामांच्या उजव्या हाताला कुणाला बसू देऊ नकोस. सूचना वाचून झाल्या की मी येतो.