चादरीचा कोपरा

मेट्रन : परत धू. बोटांच्या बेचक्यांत साबण गेलाच नाही.

सिस्टर : मॅडम, तिसऱ्यांदा धुतेय. कातडी निघेल माझी.

मेट्रन : निघू दे, नवी येईल. रिटायर झाले म्हणून डोळे जमा करून नाही आले मी.

भाऊ : सिस्टर, मुकाट्याने धुवा. ताई अजून माझेही हात तपासते जेवणाआधी. साठी उलटली माझी!

मेट्रन : तू गप रे. बॅग भरलीस? डॉक्टरांची सही झाली की लगेच मला घरी ने.

सिस्टर : आधी तपासू तर द्या. तुमच्या ऑपरेशनला आठवडाही झाला नाही, मॅडम. हात बघू, नाडी मोजते.

मेट्रन : बहात्तर आहे. मी मोजली.

सिस्टर : मीही मोजते हं. ...मॅडम, एकशे दहाच्या वर गेलीय.

मेट्रन : याच्यामुळे. याचं तोंड बघितलं की वाढते. लहानपणापासून.

भाऊ : घ्या! आता नाडीचंही खापर माझ्याच डोक्यावर.

मेट्रन : आणि काय गं, मोजून झालं तरी मनगट का सोडत नाहीस? चोरून श्वास मोजतेयस ना?

सिस्टर : तुम्हीच शिकवलंत. पेशंटला कळलं की तो श्वास सांभाळून घेतो.

मेट्रन : मोज की मग. बघ, कसा संथ चाललाय.

सिस्टर : जरा जास्तच संथ. बरं, राहू दे. चादर तेवढी नीट करते.

(सिस्टर पायथ्याची चादर गोळा करून गादीखाली कशीबशी कोंबते.)

मेट्रन : अगं ए! बोचकं बांधतेयस का? कोपरा... आधी उचलायचा... मग घडी... किती वेळा... घोकून घेतलं...

सिस्टर : बोला ना, मॅडम. मग पुढे?

मेट्रन : मग... खाली... दाबून...

भाऊ : ताई? एरवी तू मला एका दमात अर्धा तास झाडतेस!

सिस्टर : बोलताना धाप लागते का, तेच मला बघायचं होतं, काका. मॅडम, पोटरी दुखते?

मेट्रन : नाही.

सिस्टर : हात लावून बघू?

मेट्रन : नको! ...डावी. कालपासून.

भाऊ : कालपासून? आणि मला बॅग भरायला लावलीस! थांब, चोळून देतो.

सिस्टर : चोळू नका!

मेट्रन : चोळू नकोस, गाढवा!

सिस्टर : पायात रक्ताची गाठ झाली असेल, काका. तिचा तुकडा छातीकडे गेला असेल, असा मला संशय आहे. बाहेरच्या सिस्टरना सांगा, डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा. पळा!

भाऊ : हा निघालो.

सिस्टर : मॅडम, उठायचं नाही. ऑक्सिजन लावते. असं... हां.

मेट्रन : चादर... मुद्दाम कोंबलीस?

सिस्टर : मुद्दाम. तुम्हाला ओरडायला लावल्याशिवाय कळलं नसतं.

मेट्रन : डोळ्यांना... बघवेना.

सिस्टर : नंतर नीट करते. पण सांगितलं का नाहीत?

मेट्रन : लाज वाटली गं. याच वॉर्डात... सगळ्यांना दरडावलं मी... दुखतं ते वेळेवर सांगा म्हणून. आणि... भीती वाटते. फार.

सिस्टर : मी इथेच आहे. कुठ्ठे जात नाही.

मेट्रन : हात धुतलेस?

सिस्टर : तीनदा.

मेट्रन : मग धर.