बॅटरी कोण संपवतंय?

तुम्हाला बाबांच्या गाडीचं सांगितलंय का? पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट, आम्ही नेरूळला होतो. गाडी बाबांच्या लग्नाच्या आधीची. बॅटरी सारखी उतरायची. मी नवी बसवली, तर तीही चार दिवसांत डाऊन. मग करावे गावातून मेकॅनिक इब्राहिमचाचांना बोलावलं. त्यांनी बॅटरीची एक वायर काढून मध्ये छोटा बल्ब जोडला.

"करंट कुठं गळत असेल तर हा पेटेल," म्हणाले.

बल्ब पेटला नाही.

"गाडी साफ हाय. कुनीतरी इंजिन बंद ठेवून, आत बसून रेडिओ लावतंय."

मागे उभे असलेले बाबा हळूच म्हणाले, "मीच. दुपारी तू आणि सूनबाई ऑफिसात असता, तेव्हा बसतो."

डोळे अधू झाले म्हणून मीच त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं.

चाचांनी बॉनेट लावलं. "गाडी फिरली की बॅटरी भरते. तू चालव, बाबांना बाजूला बसव."

रविवारी खाडीच्या बाजूला निघालो. बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले.

तेवढ्यात म्हणाले, "गिअर बदल रे. दमलीय ती."