काचेच्या कपाटातलं हेल्मेट

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, आज आपल्या क्रीडामंडळातून निवृत्त होत असलेले सचिवसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, किल्ली घ्यायला पुढच्या रांगेत सज्ज असलेले त्यांचे पुतणे, खेळाडू, पालक, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे बघत बसलेले सभासदहो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मुलींच्या हॉकी संघाची कप्तान. साहेबांची शिस्त, दूरदृष्टी आणि वस्तूंची जपणूक यांवर चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. शिस्त आणि दूरदृष्टी आधीच्या वक्त्यांनी संपवली. ती ऐकताना खुद्द साहेबही मधूनमधून चकित झालेले दिसले. माझ्या वाट्याला उरली ती जपणूक.

बाहेरच्या बोळातलं काचेचं कपाट आपण सर्वांनी पाहिलं आहे. काय नसतं त्यात? क्रिकेटची हेल्मेटं आणि हातमोजे, बॉक्सिंगची हेडगार्ड, फुटबॉलचे शिनगार्ड, तलवारबाजीचे जाळीचे मुखवटे, आणि हॉकीच्या गोलकीपरचा अख्खा संच. सगळं देणगीत आलेलं, सगळं कोरं करकरीत. किल्ली साहेबांच्या गळ्यात, शिट्टीच्या शेजारी. ती शिट्टी मैदानावर वाजलेली मी तरी ऐकलेली नाही.

पाहुण्यांना आमचा रिवाज ठाऊक नसेल. फोटो असला की आम्ही नवं अंगावर चढवतो. फोटो झाला की साहेब म्हणतात, "चला, उतरवा." मग आम्ही मागच्या खोलीतलं जुनं घालून खेळायला जातो. जुनं म्हणजे कसं? पॅडना पट्ट्यांच्या जागी बुटांच्या नाड्या, हेडगार्डच्या आतला फोम उंदरांनी खाल्लेला, आणि गोलकीपरच्या हेल्मेटची तुटलेली जाळी तारेने आवळलेली. तक्रार केली की साहेब म्हणायचे, आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? आता साहेब उभ्या आयुष्यात कुठल्या चेंडूच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांना कशाची गरज पडली नसेल हे मी मान्य करते.

नाही, चुकले. एकदा पडली होती. साहेबांच्या खोलीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं आणि त्यांची खुर्ची आत अडकली. शिपाई काका म्हणाले, मी काढतो. पण खुर्चीवर दुसऱ्या कोणाचा हात पडलेला साहेबांना कसा चालेल? त्यांनी स्वतः कपाट उघडलं. तोंडावर तलवारबाजीचा मुखवटा, हातांत क्रिकेटचे मोजे, छातीला गोलकीपरचं कवच, पायांना हॉकीचे पॅड. एका माणसाच्या अंगावर इतके खेळ मी पहिल्यांदाच पाहिले. खुर्ची सुखरूप बाहेर आली. साहेबांच्या केसालाही धक्का लागला नाही. साधनं चांगली असली की माणूस वाचतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

म्हणूनच पुढच्या सामन्याआधी मी त्यांच्या खोलीत गेले. आमची गोलकीपर माझी धाकटी बहीण आहे. तिच्यासाठी कपाटातलं हेल्मेट मागितलं. साहेब त्याच खुर्चीत बसले होते. म्हणाले, "नव्याला ओरखडा पडला तर फोटोत काय दाखवायचं?"

सामन्यात चेंडू थेट त्या तारेवर आला. तार तुटली आणि धाकटीचा जबडा मोडला. डॉक्टरांनी तोही तारेनेच बांधला. साहेब दवाखान्यात आले, नाही असं नाही. सोबत फोटोवाले होते आणि काखेत नवं हेल्मेट होतं. ते तिच्या उशाशी ठेवलं, फोटो काढला, हेल्मेट परत काखेत मारलं. उत्तम साधनांमुळे गोलकीपर बचावली, असं पेपरात छापून आलं. धाकटीचं तोंड बंद होतं, तिला काही बोलता येत नव्हतं. मला येत होतं, पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत राहिला. आई मात्र पाणी पाजायची नळी हातात धरून साहेबांकडे बघत होती. त्या नजरेतली किळस साहेबांच्या फोटोत आलेली नाही.

आता हा समारंभ संपला की समोरच्या मैदानावर अंतिम सामना आहे. जबडा मोडल्यापासून धाकटी पहिल्यांदाच गोलात उभी राहणार आहे. आई सकाळी तिची वेणी घालत होती. मला म्हणाली, "जशी नेतेस तशी परत आण."

कार्यक्रमपत्रिकेनुसार यानंतर साहेब कपाटाची किल्ली पुतण्यांच्या हाती देतील. जरूर द्यावी. किल्ली चांगली आहे. फक्त एक गोष्ट सभागृहाच्या कानावर घालते. मघाशी साहेबांसोबत आमचा निरोपाचा फोटो झाला आणि "उतरवा" म्हणायच्या आतच अध्यक्षांची गाडी दारात आली. साहेब हार घेऊन धावले. त्यामुळे तो शब्द राहून गेला.

मुलींनो, उभ्या राहा जरा. सर्वांना दिसू दे.

त्या मागच्या रांगेत मधली, डोक्यावर कोरं हेल्मेट घातलेली, ती माझी बहीण. साहेब, आपण उठू नका. निवृत्तीचा ठराव मघाशीच टाळ्यांनी मंजूर झाला आहे, आता आपल्या सांगण्यावरून इथे कोणी काही उतरवणार नाही.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. साहेबांना सगळ्यांनी वाकून निरोप द्यावा असं ठरलं होतं. पण पॅड बांधल्यावर वाकता येत नाही, तेवढी मुलींची चूक माफ करावी.