मामांचा उल्लेख

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आमचे चीफ इंजिनिअर साहेब, आणि समोर बसलेल्या माझ्या जहाजी भावंडांनो,

साहेबांच्या हाताखाली मी सेकंड इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं काढली. पण इंजिन रूममधल्या माणसाला भाषण कुठून येणार? तिथल्या आवाजात आम्ही खुणांनीच बोलतो. साहेब अपवाद, त्यांच्या शिव्या चालू इंजिनावरूनही ऐकू यायच्या. हसा, हरकत नाही.

साहेबांनी आगीतून जहाज वाचवलं, असं अध्यक्ष आत्ताच म्हणाले. खरं आहे ते. पण कसं वाचवलं? इंजिन रूमला आग लागली की माणसं वर काढायची, दारं बंद करायची आणि आत वायू सोडायचा. आग गुदमरते. आत कोणी राहिला तर तोही. म्हणून साहेब दारात उभे राहून, धुरातून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजत होते. शेवटचा मी. इंजिनवाले सगळे आले, आणि साहेबांनी दारं लावून वायूचा दांडा ओढला.

आमचे कुक, ज्यांना सारं जहाज मामा म्हणायचं, त्यांची जागा वर, स्वयंपाकघरात. पण आमचं काम अडलं की मामा स्वतः किटली घेऊन खाली यायचे, पाठीवर थाप मारून कप पुढे करायचे. त्या दिवशीही निघाले होते. वरच्यांना वाटलं, मामा आमच्यात आहेत. आम्हाला वाटलं, वर आहेत. दारं उघडली तेव्हा ते जिन्याच्या पायथ्याशी सापडले.

चौकशीत साहेब निर्दोष ठरले. त्यांनी स्वतः ते कधीच मानलं नाही. मघाशी या सभागृहाच्या दारात उभे राहून ते येणाऱ्या एकेकाकडे बघत होते ना? तुम्हाला वाटलं असेल, स्वागत करताहेत.

तिसऱ्या रांगेत मामी बसल्या आहेत. साहेब स्वतः त्यांच्या घरी बोलवायला गेले होते. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "माझ्याबद्दल काय हवं ते बोल. पण मामाला गाळू नकोस. एकदा गाळलाय मी."

आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. कोणाचा उल्लेख राहून गेला असेल तर क्षमा असावी, असंही शेवटी म्हणायची रीत आहे. ती क्षमा आज मी मागत नाही. ती साहेबांना हवी आहे, मामी, आणि तुमच्याकडूनच हवी आहे. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही कोणी आग्रह करणार नाही.